आल्गार्व्ह की कोस्टा देल सोल? गाडी चालवणार नसाल तर आधी हे वाचा

शेंगेन व्हिसा हातात पडला की घरात वाद ठरलेलाच, पोर्तुगालचं आल्गार्व्ह करायचं का स्पेनचं कोस्टा देल सोल. आम्ही दोन्ही केलंय. ऊन दोन्हीकडे रग्गड, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

नुसते बीच बघायचे तर आल्गार्व्हच, यात वादच नाही. लागोसजवळचं पोंता दा पिएदादे, तो मारिन्याचा बीच, पिवळे-केशरी कडे आणि खाली हिरवंगार पाणी, फोटोत दिसतं तस्संच आहे. पाणी मात्र अटलांटिकचं, ऐन जुलैत पाय टाकला तरी शहारा येतो. आणि बेनागिलच्या गुहेत आता पोहत जायला बंदी आहे, आतल्या वाळूवर उतरूही देत नाहीत, त्यामुळे रील्स बघून हुरळून जाऊ नका. कोस्टा देल सोलला, म्हणजे मालागा शहराकडची वाळू त्यामानाने करडी, मळकट, आणि टोरेमोलिनोसला तर समुद्राला लागून नुसत्या बिल्डिंगीच बिल्डिंगी.

पण मला नडलं ते फिरणं. आल्गार्व्हच्या फारो एअरपोर्टला ट्रेनच नाही, आधी बसने गावात या. अल्बुफेइराचं स्टेशन आहे म्हणून खुशीत उतरावं तर ते निघतं फेरेइरासला, बीच तिथून पाचसहा किलोमीटर. मग भर उन्हात बॅगा घेऊन स्टॉपवर उभं राहायचं, सासूबाईंचे गुडघे बोलायला लागलेले, बस येते की नाही कोणालाच पत्ता नाही, शेवटी टॅक्सी. एकदा झालं तर हसून सोडतो हो माणूस, पण रोज तेच.

मालागाला एअरपोर्टलाच लोकल मिळते, सी-१, दर २० मिनिटांनी, एकीकडे शहर, दुसरीकडे पार फुएंगिरोला. आपल्यासारख्या लोकलवाल्यांना अजून काय पाहिजे! मार्बेया आणि नेर्हाला ट्रेन नाही हे खरं, पण बस आहेत आणि आम्हाला तरी वेळेवर मिळाल्या. शिवाय ऊन डोक्यावर आलं की पिकासो म्युझियममध्ये घुसता येतं, एक दिवस रोंडाचा १७९३ चा पूल होतो.

खाण्यात माझा कल उघडच मालागाकडे आहे. तारल्या काडीला ओवून, वाळू भरलेल्या जुन्या होडीत लाकडाच्या जाळाशेजारी भाजतात, वर फक्त जाडं मीठ, बास. शाकाहारी मंडळींना वांग्याचे तळलेले काप आणि त्यावर चक्क उसाची काकवी! नेर्हाच्या वर फ्रिहिलियाना गाव आहे, तिथे काकवीचा कारखाना अजून चालू आहे.

गाडी चालवणारं कोणी असेल, किंवा नुसतं जोडपंच जाणार असेल, तर आल्गार्व्ह घ्या, पार साग्रेशच्या टोकापर्यंत जा, मी अडवणार नाही. घरची मोठी माणसं बरोबर असतील तर मी तरी मालागाच म्हणेन. फक्त ग्रानादा शहरातला आल्हाम्ब्रा हा जुना किल्ला-राजवाडा करायचा असेल तर तिकीट इथूनच काढून ठेवा, पासपोर्टवरच्या नावाने, कारण आतल्या नासरी महालांना वेळ ठरवून मिळते आणि सीझनला ऐनवेळी तिकीट मिळणं मुश्कील.