वॅगन-आरला ऑटो क्लच बसवला: डाव्या पायाला सुट्टी, हाताला नाही

आधीच सांगतो, ऑटो क्लचचं किट बसवून गाडी ऑटोमॅटिक होत नाही. गिअर आपणच टाकायचे, क्लच दाबायचं काम तेवढं किट करतं. मला तेवढंच हवं होतं. गाडी २०१२ची पेट्रोल वॅगन-आर, इंजिन ठणठणीत, पण मालकाचा डावा गुडघा बदललेला. पिंपळे गुरवहून शिवाजीनगरला निघालं की हॅरिस पुलावरच गुडघा बोंबलायला लागायचा.

‘पूर्ण ऑटोमॅटिक करून देतो काका’ म्हणणारेही भेटले. दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात नोकरी काढलेल्या माणसाला हे सांगायची हिंमत लागते! गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर, माउंटिंग, एक्सल, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग, सगळंच बदलावं लागतं. त्या पैशात माझी गाडी देऊन जुनी एजीएसवाली, म्हणजे क्लच-गिअर आपोआप हलवणारी, सेलेरिओ येईल. २०१४ला आलेल्या त्या सेलेरिओतही गिअरबॉक्स मूळचा मॅन्युअलच आहे. क्लच आणि गिअर हलवायला वर हायड्रॉलिक यंत्रणा बसवली आहे, एवढंच. पण गाडी विकायला सौ. तयार नाहीत, त्यामुळे किट.

भोसरीच्या बाजूच्या एका गॅरेजात बसवलं. तीस हजारांच्या आतबाहेर खर्च, सकाळी गाडी दिली, संध्याकाळी मिळाली. इंजिनच्या मॅनिफोल्डमधला (हवा आत जाते त्या नळीतला) व्हॅक्यूम एका डब्यात साठतो, सोलेनॉइड (विजेवरचा व्हॉल्व्ह) उघडला की तो डायफ्रामला खेचतो आणि डायफ्राम वायरने क्लच ओढतो. गिअरची मूठ बदलतात, तिच्यात स्विच असतो. मूठ ढकलली की क्लच सुटतो, गिअर पडला की धरतो. क्लचचं पेडल जागच्या जागी राहतं. मुलगा चालवायला बसला की डॅशबोर्डखालचं बटण बंद करतो आणि नेहमीसारखी चालवतो.

पाइप कुठून काढताय, हे मी शेजारी उभं राहून पाहिलं. पोरगा ब्रेक बूस्टरच्याच, म्हणजे ब्रेक हलका करणाऱ्या डब्याच्या, पाइपला टी मारायला निघाला होता. त्याला थांबवलं. उद्या किटचा पाइप फाटला तर बूस्टरचाही व्हॅक्यूम जाणार आणि ब्रेक दगड होणार. मॅनिफोल्डला वेगळं तोंड आहे, तिथून घे म्हटलं. त्याने कुरकुर न करता घेतला, हे त्याचं कौतुक. तुम्ही बसवाल तेव्हा बॉनेट उघडायला लावून एवढं नक्की बघा.

शहरात किट झकास चालतं. सिग्नलला ब्रेक दाबला, वेग उतरला की क्लच आपोआप सुटतो, गाडी बंद पडत नाही. अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दिला की उचलते. पहिले काही दिवस उचलताना हिसका बसायचा. गॅरेजवाल्याने कंट्रोल बॉक्सवरचा स्क्रू जरासा फिरवून क्लच धरायची जागा अलीकडे आणली, मग लोण्यासारखी उचलायला लागली. गुडघा आता गप्प आहे. मात्र मुठीवर हात ठेवून चालवायची सवय सोडावी लागते. हाताचा भार पडला की स्विच लागतो, क्लच अर्धवट सुटतो आणि इंजिन नुसतं घोंघावतं. शिवाय हे किट दुसऱ्या गिअरवरही मुकाट गाडी उचलतं. क्लच प्लेटचा खर्च वाचवायचा असेल तर तो मोह नको.

घाटात मात्र मला ते आवडलं नाही. जुन्या कात्रज घाटात ट्रकमागे पहिल्या गिअरवर उतरत होतो. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला आणि किटला वाटलं आपण थांबतोय. त्याने पेडल दाबल्यासारखा क्लच सोडवला. इंजिनचा धरलेला लगाम सुटला, गाडी ब्रेकवर आली. तेव्हापासून घाट लागला की बटण बंद. गुडघा दुखला तर दुखला.

गॅरेजच्या सर्व्हिसला मी पाचात दोनच तारे देईन. बसवताना चहापाणी, आणि नंतर फोन उचलत नाहीत. महिन्याभराने आयडलिंग (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) वर-खाली व्हायला लागलं, बॉनेटखाली फुस्स आवाज. पाइपची क्लॅम्प सैल होती. मी घरीच जुबिली क्लिप लावून टाकली; ज्याला हे जमत नाही त्याने काय करायचं?

‘आरटीओची काही भानगड नाही’ असं तिथे छातीठोकपणे सांगतात. त्यावर जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. दिव्यांगांच्या गाडीत त्यांच्या सोयीचे बदल करता येतात, पण त्याची रीतसर नोंद लागते. मी पैसे देण्याआधी आरटीओत जाऊन विचारून आलो आणि विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घेतलं. बिलही पक्कं मागा, जीएसटीसकट. मला आधी कोऱ्या कागदावर आकडा लिहून देत होते.