६३/३७ सोल्डर वायर, २२ गेज: दुरुस्तीच्या टेबलावरील परीक्षण

म्हापशातील सुट्या भागांच्या एका दुकानातून घेतलेले, कथील आणि शिसे यांच्या ६३/३७ मिश्रणाचे, २२ गेजचे, म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचे सोल्डर तारेचे (भाग बोर्डाला जोडण्याच्या तारेचे) रीळ मी सध्या इन्व्हर्टरचे बोर्ड आणि जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यासाठी वापरत आहे. गोव्यात हे काम करणाऱ्यांनी हीच तार घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजारात ६०/४० तार अधिक सहज मिळते आणि पुष्कळ कारागीर तिच्यावर समाधानी असतात. मात्र ती १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागली तरी पूर्ण पातळ होण्यासाठी १९० अंशांच्या आसपास जावे लागते, आणि थंड होताना याच टप्प्यात कपॅसिटरचा पाय किंचित हलला, तर जोड निस्तेज व दाणेदार बनून पुढे तडकू शकतो. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांलाच वितळते व तेथेच गोठते. या रिळाचा जोड आरशासारखा चकचकीत उतरतो आणि पॅडवर, म्हणजे भागाचा पाय जोडण्याच्या बोर्डावरील तांब्याच्या ठिपक्यावर, कडेपर्यंत पसरतो.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तारेच्या पोटातील फ्लक्स, म्हणजे धातू स्वच्छ करून सोल्डर नीट पसरू देणारा पदार्थ. आपल्याकडच्या पावसाळी, खाऱ्या हवेत आम्लयुक्त फ्लक्सचा अवशेष ओलावा धरून तांब्याच्या रेषा कुरतडतो, म्हणून पत्रा किंवा नळ जोडण्याची तार बोर्डाजवळही आणू नये. या तारेत रोझिन, म्हणजे पाइनच्या झाडाच्या राळेपासून केलेला फ्लक्स आहे. त्याचा फिकट पिवळा थर सुकल्यावर कडक होतो, बोटाला चिकटत नाही आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल व ब्रशने निघून जातो. वेष्टनावर फ्लक्सचे प्रमाण छापलेले नाही, ही उणीव मात्र खटकते.

शिसेमुक्त तार निर्यातीच्या मालासाठी आवश्यक ठरते, कारण युरोपीय संघाने जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध घातले. पण तिचे प्रचलित मिश्रण २१७ ते २२० अंशांला वितळते आणि जुन्या बोर्डाचे पॅड जादा उष्णतेने उखडण्याची भीती असते. शिसे हाताळल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. धूर मुख्यतः रोझिनचा असला तरी तोही दम्याला निमित्त होतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवून पंखा धूर बाहेर ओढेल असा लावावा. मोबाइलच्या बारीक एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच जोडल्या जाणाऱ्या) भागांसाठी मात्र ही जाडी अधिक पडते, तेथे ०.५ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक तार घ्यावी.