तोंडी प्रश्न की लेखी? स्कॉटलंडमधल्या दोन वाटा

एडिंबरातल्या स्कॉटिश संसदेत १२९ सदस्य. सरकारला जाब विचारायच्या त्यांच्या मुख्य वाटा दोन. गुरुवारी दुपारी १२ वाजता फर्स्ट मिनिस्टरना (स्कॉटिश सरकारच्या प्रमुखांना) तोंडी प्रश्न: उत्तर टाळलं तर लगेच उपप्रश्न, आणि टाळाटाळ कॅमेऱ्यापुढे. पण त्या पाऊण तासात जुगलबंदीच फार. मला तरी ती संध्याकाळच्या बातम्यांसाठी चाललेली वाटते.

लेखी प्रश्नात तमाशा नाही. उत्तर साधारण कामकाजाच्या १० दिवसांत, सुट्टीत उशिरा. बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटींच्या किती फेऱ्या रद्द झाल्या, असा आकडा हवा तर हीच वाट. अर्थात, ही माहिती एकत्रित ठेवली जात नाही, असं ठरीव उत्तर इथेही हातात पडतं. मग तोच कागद घेऊन गुरुवारी उभं राहायचं.