अमिओडॅरोन की ड्रोनेडॅरोन? प्रश्न दृष्टिचेतेचा असेल तेव्हा

हृदयाची बिघडलेली लय आटोक्यात ठेवण्यात अमिओडॅरोनची बरोबरी करणारी औषधे फार थोडी आहेत. मात्र ते घेणाऱ्या मोजक्या रुग्णांच्या दृष्टिचेतेला (डोळ्यातून मेंदूकडे दृश्याचे संदेश नेणाऱ्या नसेला) इजा होऊन नजर कायमची अधू झाल्याच्या नोंदी आहेत, आणि म्हणूनच अनेकांना लय सांभाळणाऱ्या दुसऱ्या औषधाकडे, ड्रोनेडॅरोनकडे, वळावेसे वाटते.

निर्णयापूर्वी एक घोटाळा दूर केला पाहिजे. सहा महिन्यांहून अधिक काळ अमिओडॅरोन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर भोवऱ्याच्या आकाराचे सूक्ष्म कण साचतात. काहींना त्यामुळे दिव्याभोवती वलये दिसतात, पण एवढ्यासाठी सहसा औषध बदलावे लागत नाही. दृष्टिचेतेची इजा ही निराळी गोष्ट आहे: नजर बहुधा हळूहळू आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत मंदावते, तर चेतेची सूज कित्येक महिने टिकते. याउलट, चेतेचा रक्तपुरवठा तुटल्यास एकाच डोळ्याची नजर अचानक जाते आणि सूज काही आठवड्यांत ओसरते. रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार असलेल्यांना हा दुसरा आजार औषधाविनाही होतो. त्यामुळे दोष नेमका कोणाचा, हे ठरवणे अवघड जाते.

अमिओडॅरोनच्या रेणूत आयोडीन असते, ड्रोनेडॅरोनच्या रेणूत नाही. ड्रोनेडॅरोनचा शरीरातील अंश दिवसभरात निम्म्यावर येतो. अमिओडॅरोनला त्यासाठी सरासरी ५८ दिवस लागतात, म्हणजे गोळी थांबवली तरी डोळ्यांवरील परिणाम लगेच थांबेल असे नाही. पण लय टिकवण्यात ड्रोनेडॅरोन उणे पडते आणि यकृताला क्वचित गंभीर इजा करते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तीव्र हृदय-अकार्यक्षमतेच्या रुग्णांवरील ‘अँड्रोमेडा’ चाचणी मृत्यू वाढल्याने, तर कायमस्वरूपी एट्रियल फिब्रिलेशनवरील (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित, जलद लय) ‘पॅलस’ चाचणी २०११ मध्ये अशाच धोक्यामुळे मुदतीआधी थांबवावी लागली.

लय सांभाळणारे आणखी एक औषध, सोटॅलॉल, हेही आयोडीनविरहित आहे, परंतु ते देताना मूत्रपिंडाचे कार्य आणि ईसीजीमधील क्यूटी अंतर (हृदयाच्या खालच्या कप्प्यांना प्रत्येक ठोक्यात विद्युतदृष्ट्या पूर्ववत होण्यास लागणारा वेळ) काटेकोरपणे पाहावे लागते.

माझ्या मते, येऊन-जाऊन असलेले एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे सशक्त आकुंचन आणि आधीच एका डोळ्याची गेलेली दृष्टी, असा रुग्ण असल्यास ड्रोनेडॅरोन किंवा बिघडलेली लय उत्पन्न करणारा हृदयाचा भाग निष्क्रिय करणाऱ्या अ‍ॅब्लेशनचा विचार आधी व्हावा. जीवघेण्या व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियात (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या अतिजलद लयीत) मात्र ड्रोनेडॅरोन हा पर्याय नव्हे. तेथे अमिओडॅरोन सुरू करताना नेत्रतपासणी करून घ्यावी, आणि नजर धूसर झाल्यास गोळी स्वतःहून न थांबवता त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ दोघांनाही कळवावे.