मानसशास्त्राचा अभ्यास: ग्रंथालयाचं लॉगिन की गूगल स्कॉलर?

गूगल स्कॉलर या गूगलच्या संशोधन-पेपर शोधायच्या मोफत साधनात इंग्रजी स्पेलिंगने 'डिप्रेशन' एवढा एकच शब्द टाका आणि निकालांत खाली खाली जात राहा. नैराश्यावरचे पेपर असतातच. मध्येच १९३० च्या दशकातली महामंदी डोकावते, हृदयाच्या आलेखातलं 'एसटी डिप्रेशन' येतं, आणि चेतापेशींमधली जोडणी दुबळी होते त्यालाही 'लाँग टर्म डिप्रेशन'च म्हणत असल्यामुळे तेही येतं. 'अटॅचमेंट' टाकलंत तर बाळ-आईच्या नात्याशेजारी हिरड्या दातापासून सुटण्याचे दंतवैद्यकाचे पेपर हजर. 'स्ट्रेस'चं तर विचारूच नका, पोलादालाही ताण येतो.

या विषयाचे बरेचसे शब्द रोजच्या बोलण्यातून उचललेले आहेत, त्याचा हा भुर्दंड. विषयाच्या आतही घोळ आहेच. एकच नाव लावून दोन वेगळ्याच गोष्टी मोजल्या जातात, त्याला 'जिंगल' म्हणतात. हे नाव थॉर्नडाइक यांच्या १९०४ च्या पुस्तकात सापडतं. उलट, एकाच गोष्टीला दोन नावं देऊन ती वेगळी समजली जाते, त्याला केली यांनी १९२७ मध्ये यमक जुळवून 'जँगल' म्हटलं. म्हणून विद्यापीठाचं ग्रंथालय की मोफत शोध, हा प्रश्न मला पीडीएफ कुठे फुकट मिळते एवढ्यापुरता वाटत नाही. शब्दांवर नजर कोण ठेवतंय, तिथे खरा फरक पडतो. काही कामांत मोफत शोधच सरस आहे, तेही पुढे येईलच.

विषय धुंडाळायचा असेल तेव्हा

ग्रंथालयाच्या लॉगिनमागे मानसशास्त्राचा मुख्य डेटाबेस म्हणजे सायकइन्फो. तो अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन चालवते आणि त्यात ५० लाखांहून जास्त नोंदी आहेत. त्याचा छापील पूर्वज 'सायकॉलॉजिकल ॲबस्ट्रॅक्ट्स' १९२७ पासून २००६ पर्यंत निघत होता. जुन्या ग्रंथालयांत त्याचे जाडजूड खंड अजून धूळ खात असतात.

सायकइन्फोच्या प्रत्येक नोंदीला एका ठरलेल्या कोशातल्या विषयसंज्ञा जोडलेल्या असतात. हा कोश पहिल्यांदा १९७४ मध्ये निघाला. त्यात मनाची उदास अवस्था आणि निदान झालेला नैराश्याचा विकार यांना दोन वेगळ्या संज्ञा आहेत. लेखकाने शीर्षकात कुठलाही शब्द वापरलेला असो, पेपर नेमका कशाबद्दल आहे ते त्या संज्ञेवरून कळतं. मंदी आणि हिरड्या आपोआप बाहेर राहतात. शिवाय वयोगट आणि संशोधनपद्धती यांवर गाळणी लावता येते: 'पौगंडावस्था' आणि 'दीर्घकालीन पाहणी' अशा दोन खुणा केल्या की हजारोंची यादी वाचता येईल इतकी खाली येते. गूगल स्कॉलरमध्ये वर्षांची मर्यादा घालता येते, फक्त आढावा-लेख मागता येतात. गाळण्यासाठी त्यापलीकडे फारसं काही हाती नाही.

स्कॉलरच्या दोन मर्यादा प्रबंध लिहिणाऱ्याने आधीच ओळखून असाव्यात. वर 'लाखो निकाल' लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात पहिले १००० च बघता येतात. आणि कोणता पेपर वर, कोणता खाली, हे त्यांचं गणित ठरवतं, तुम्ही नाही. त्यामुळे सहा महिन्यांनी तोच शोध केला तर तीच यादी येईल याची खात्री नाही. पद्धतशीर आढावा लिहायचा असेल तर असे आढावे कसे मांडायचे ते सांगणारे 'प्रिझ्मा'चे २०२० चे निकष प्रत्येक डेटाबेसमधला शोध जसाच्या तसा लिहून द्या म्हणतात. डेटाबेसमध्ये शोधाचा इतिहास साठवता येतो, तो उचलून परिशिष्टात टाकला की काम झालं.

तेव्हा साहित्य-आढाव्यासाठी माझं मत एकतर्फी आहे: ग्रंथालयाचा डेटाबेस. परवाच्या असाइनमेंटला चार चांगले पेपर हवेत एवढंच असेल, तर लॉगिनच्या भानगडीत पडलं नाही तरी चालेल.

आरोग्याकडे झुकणारा विषय असेल, म्हणजे झोप, वेदना, औषधोपचार वगैरे, तर पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसला विसरू नका. ते १९९६ पासून कुणालाही मोफत आहे आणि त्यालाही स्वतःचा संज्ञाकोश आहे. शैक्षणिक मानसशास्त्रासाठी एरिक, तेही मोफत. म्हणजे 'मोफत म्हणजे विस्कळीत' असं सरसकट म्हणता येत नाही.

पेपर माहीत असेल तेव्हा

इथे मात्र स्कॉलर जिंकतं, आणि चांगल्या फरकाने. अर्धवट आठवणारं शीर्षक टाका, पेपर समोर येतो. डेटाबेसमध्ये त्याच कामाला लॉगिन, मग प्लॅटफॉर्म, मग शीर्षकाचा रकाना असे सोपस्कार करावे लागतात. स्कॉलरचा दुसरा हुकमाचा एक्का म्हणजे पेपराखालचा 'सायटेड बाय'. जॉर्ज मिलर यांचा अल्पकालीन स्मृतीवरचा १९५६ चा प्रसिद्ध पेपर घ्या. त्याचा आधार घेणारे हजारो पेपर एका क्लिकवर उघडतात, आणि त्यांच्यातल्या त्यांच्यात पुन्हा शोधही घेता येतो. सात गोष्टी लक्षात राहतात हा आकडा पुढे कसा आव्हानला गेला, त्याचा माग असा काढता येतो. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस हे वर्गणीचे डेटाबेस हेच काम जास्त नीटनेटकं करतात, पण पुस्तकं आणि प्रबंध स्कॉलरच्या जाळ्यात जास्त सापडतात.

आणि हे दोन्ही एकमेकांना जोडता येतं, ही गोष्ट शेवटच्या वर्षापर्यंत कित्येकांना ठाऊक नसते. स्कॉलरच्या सेटिंगमध्ये 'लायब्ररी लिंक्स' असा भाग आहे. तिथे आपलं विद्यापीठ निवडलं, की जे पेपर ग्रंथालयाच्या वर्गणीत आहेत त्यांच्याशेजारी थेट दुवा दिसायला लागतो. मी स्वतः दोन वर्षं प्रकाशकाच्या पैसे मागणाऱ्या पानावरून परत फिरत होते आणि पेपर आमच्याच ग्रंथालयात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

जुने पेपर उचलताना एक काळजी घ्या. सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल यांची बनावट माहिती २०११ मध्ये उघडकीला आली आणि त्यांचे पन्नासहून जास्त पेपर मागे घेतले गेले. पण एकदा उतरवून घेतलेली पीडीएफ काही स्वतःहून मागे जात नाही, ती हातोहात फिरतच राहते. संदर्भ झोटेरो या संदर्भ साठवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठेवले तर मागे घेतलेल्या पेपरावर ते लाल पट्टी दाखवतं. त्यासाठी ते मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची यादी वापरतं.

पाठ्यपुस्तक की मूळ पेपर

परीक्षेसाठी पाठ्यपुस्तक पुरतं, यात वाद नाही. संशोधनासाठी मात्र एकदा तरी लहानग्या अल्बर्टची, म्हणजे बाळाला भीती शिकवण्याच्या प्रसिद्ध प्रयोगाची, गोष्ट मुळातून वाचा. वॉटसन आणि रेनर यांचा पेपर १९२० चा. ग्रंथालयाकडे सायकआर्टिकल्स हा पूर्ण लेखांचा डेटाबेस असेल तर मूळ छपाईची पानंच समोर येतात, अवघी चौदा. अकरा महिन्यांचं बाळ, पांढरा उंदीर आणि पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडीचा घाव, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण पेपरात सरळसोट काही घडत नाही: भीती मध्ये ओसरते, वेगळ्या खोलीत कमी दिसते, प्रयोगकर्ते ती पुन्हा 'ताजी' करून घेतात. नंतरच्या पाठ्यपुस्तकांत काय काय शिरलं, ते बेन हॅरिस यांनी १९७९ मध्ये 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट'मध्ये मांडलं. बाळ घाबरलं म्हणून सांगितलेल्या वस्तूंच्या यादीत मुळात नसलेल्या वस्तू आल्या, आणि वॉटसननी शेवटी बाळाची भीती घालवली असा गोड शेवटही काही ठिकाणी चिकटला. प्रत्यक्षात तसं करण्याआधीच बाळाला तिथून नेलं होतं.

मूळ पेपर आणि हॅरिस, दोन्ही एका दुपारी वाचून होतात. नेटवरच्या सारांशांत हे दोन एकत्र क्वचित भेटतात. मधली पायरी हवी असेल तर १९५० पासून निघणारं 'ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ सायकॉलॉजी' बघा. नव्या विषयात शिरताना मी पाठ्यपुस्तकाआधी तेच उघडते.

चाचण्या आणि प्रश्नावल्या

सगळ्यात जास्त पोळतं ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मला आत्मसन्मान मोजायचा होता. रोझेनबर्ग यांची १० विधानांची प्रश्नावली सगळीकडे सापडते, तशी मीही एका संकेतस्थळावरून उतरवून घेतली. ऐंशी जणांकडून भरून घेतली, बेरजा केल्या, विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा क्रोनबाख अल्फा काढला, तर आकडा हास्यास्पद. गाईडनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "उलटी विधानं उलटी केलीस का?" त्या १० पैकी ५ विधानं नकारार्थी आहेत, त्यांचे गुण उलट करून धरायचे असतात. मी उतरवलेल्या पानावर तशी सूचनाच नव्हती. माहिती वाया गेली नाही, बेरजा पुन्हा केल्या. पण दुसऱ्या एका प्रश्नावलीत विधानाचे शब्दच बदललेले निघाले, त्याला इलाज नव्हता. ती अख्खी काढून टाकावी लागली. रोझेनबर्ग यांचं १९६५ चं पुस्तक, मूळ प्रश्नावलीसकट, ग्रंथालयाच्या कपाटात होतं.

ग्रंथालयाकडे या कामाची दोन साधनं असतात. सायकटेस्ट्स या डेटाबेसमध्ये चाचणीची नोंद असते, बऱ्याचदा चाचणीही असते, आणि ती वापरायला परवानगी लागते का हे नोंदीतच लिहिलेलं असतं. दुसरं 'मेंटल मेझरमेंट्स इयरबुक', ऑस्कर ब्युरोस यांनी १९३८ मध्ये सुरू केलेलं. त्यात चाचण्या मिळत नाहीत, त्यांची परखड परीक्षणं मिळतात. चाचणी मिळेल म्हणून उघडणारा दर वेळी हिरमुसतो. पण व्यावसायिक चाचणी निवडण्याआधी विश्वसनीयता आणि सप्रमाणता (जे मोजायचं तेच चाचणी मोजते का) यांबद्दल तिऱ्हाईताचं मत वाचायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

फुकट सापडलं म्हणजे वापरायची मुभा आहे, असंही नाही. नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ कुणालाही परवानगीशिवाय वापरता येते. बेक यांची नैराश्याची यादी प्रकाशकाकडून घ्यावी लागते, तिच्या कितीही प्रती नेटवर लटकत असल्या तरी. नीतिमत्ता समितीने "परवानगीचं पत्र?" असं विचारल्यावर ते शोधत बसण्यापेक्षा आधी नोंद वाचलेली बरी.

पेपर हवा आहे, मिळत नाही

ग्रंथालयात वर्गणी नसेल तर आंतरग्रंथालयीन मागणी करा, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवून घ्या. लेखाची पीडीएफ बऱ्याचदा काही दिवसांत येते, जुनी पुस्तकं जास्त वेळ घेतात. घाई असेल तर ब्राउझरमध्ये अनपेवॉल बसवा, ते कायदेशीर मोफत प्रत असेल तर दाखवतं. लेखकाला दोन ओळींचं पत्र लिहिणं हाही उत्तम मार्ग. आपला पेपर कुणीतरी मागतंय याचा त्यांना आनंदच होतो.

२०१६ पासून सायआर्काइव्हवर मानसशास्त्रातले मसुदे खुले मिळतात. ताजं काय चाललंय ते तिथे कळतं, पण त्यावर समीक्षकांचा हात फिरलेला नसतो. उद्धृत करण्याआधी छापील आवृत्ती आली का बघा, कधीकधी निष्कर्षाची भाषा बरीच मवाळ झालेली असते.

ग्रंथपाल

याला पर्यायच नाही, म्हणून तुलनाही नाही. विषय-ग्रंथपालाची अर्ध्या तासाची वेळ घ्या आणि जाताना प्रश्न एका वाक्यात लिहून न्या. 'सोशल मीडिया आणि मानसिक आरोग्य' असं म्हणालात तर तेही हात टेकतील. 'किशोरवयीन मुलींमध्ये फोटो-ॲपचा वापर आणि शरीरप्रतिमा' म्हणालात तर तुमच्यासमोर संज्ञा शोधून, जोडून, शोध बांधून देतील. चॅटबॉटला विचारून संज्ञा सुचवून घ्यायला माझी हरकत नाही. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका, अस्तित्वात नसलेले पेपर तो अगदी आत्मविश्वासाने देतो.

लॉगिनच नसेल तर

पबमेड, एरिक, स्कॉलर आणि सायआर्काइव्ह यांवर बराच पल्ला गाठता येतो. काही विद्यापीठांची ग्रंथालयं बाहेरच्या वाचकाला आत बसून डेटाबेस वापरू देतात, चौकशी करायला काही जात नाही. एकदा जायला मिळालं तर पीडीएफ गोळा करत बसू नका. सायकइन्फोत शोध घ्या, नोंदी आणि सारांश झोटेरोत उतरवा, आणि पेपर घरी येऊन अनपेवॉलने मिळवा. विद्यार्थी असाल तर शेवटच्या सत्रातच डेटाबेसमध्ये साठवलेले शोध बाहेर काढून ठेवा, कारण निकालानंतर लॉगिन कधी बंद होईल ते कुणी कळवत नाही, आणि साठवलेले शोध त्याच्याबरोबरच जातात.