जखमेला टाके घालायला शिकताना केळीची साल की सिलिकॉनचा पॅड?

सिलिकॉनच्या पॅडला त्वचा, चरबी, स्नायू असे थर असतात. खोल टाका त्यावरच शिकावा. पण चिरून चिरून निकामी झालेला पॅड कुजत नाही, वर्षानुवर्षं कचऱ्यात पडून राहतो.

केळीच्या सालीला असे थर नाहीत. मात्र दोरा जरा जोरात ओढला की ती फाटते, आणि हात हलका होतो तो इथंच. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ती फुकटच मिळते: केळं खा, सालीवर सराव करा, मग ती खतात टाका. त्याआधी नायलॉनचा दोरा काढायलाच हवा, नाहीतर प्लास्टिक थेट शेतात जाईल! सुईचा कचरा दोन्हीकडे सारखाच.

पहिले शंभर टाके मी तरी सालीवरच घालायला लावेन. पॅड वर्गात एकच असावा, फक्त थरांच्या टाक्यांसाठी.