निरोगी मांजराची किडनी मोजायची, एक्स-रेवर की सोनोग्राफीवर?

मांजर धडधाकट आहे, खातंय पितंय, फक्त पुढे कधी लागलं तर हाताशी असावी म्हणून किडनीची साइज नोंदवून ठेवायची आहे. अशा वेळी काय करावं? मी बरीच वर्षं एक्स-रेवरच मोजायचो, आता जवळपास सगळं सोनोग्राफीवर करतो. तुमचं मशीन आणि तुमचा हात वेगळा, त्यामुळे तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, ते धरूनच वाचा.

एक्स-रेची एक गोष्ट मला अजूनही आवडते. तिथे सेंटिमीटरच्या भानगडीत पडावं लागत नाही, व्हीडी व्ह्यूवर (मांजराला पाठीवर झोपवून काढलेल्या फिल्मवर) किडनी एल-टू, म्हणजे कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या किती पट लांब आहे ते बघायचं, म्हणजे मांजर लहानखुरं आहे का दांडगं याचा हिशोब त्यातच होऊन जातो. पुस्तकात बहुतेक २.४ ते ३ पट दिलेलं असतं, पण न्यूटर (नसबंदी) केलेल्या मांजरांत १.९ ते २.६ आणि न केलेल्यांत २.१ ते ३.२ असेही आकडे नोंदलेले आहेत. हे डोक्यात नसेल तर चांगल्या न्यूटर केलेल्या मांजराच्या फाइलवर उगाच 'किडनी लहान' असं लिहिलं जातं.

सोनोग्राफीत ही सोय नाही. साधारण ३ ते ४.३ सेमी नॉर्मल धरतात, आणि मग मेन कूनसारखा मोठा बोका समोर आला की ४.४ बघून घाबरायचं की नाही हे आपल्यालाच ठरवावं लागतं. तिथे मी वजन, जात, न्यूटर आहे की नाही हे बघतो आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींशी ताडून बघतो.

मग मी एक्स-रे का सोडला? उजव्या किडनीच्या पुढच्या टोकामुळे. डावी बहुतेक वेळा छान दिसते, उजवी मात्र पुढे यकृताच्या सावलीत शिरते आणि किडनी नेमकी कुठे संपते तेच कळत नाही. कडा दिसते ती भोवतीच्या चरबीमुळे, त्यामुळे तरुण आणि सडपातळ मांजरात, म्हणजे जिथे बेसलाइन (पुढे तुलनेसाठी निरोगीपणीची नोंद) घ्यायची सगळ्यात जास्त इच्छा असते तिथेच, ती सगळ्यात पुसट असते. वरून आतड्यात मल भरलेला असला की बघायलाच नको. लॅटरलला, म्हणजे कुशीवरच्या फिल्मवर, दोन्ही किडन्या एकमेकींवर येतात, त्यामुळे तिथूनही फारशी मदत नाही. एकदा जुन्या फिल्म परत मोजायला बसलो तेव्हा लक्षात आलं की उजव्या बाजूला मी टोक बघत नव्हतो, डाव्या किडनीवरून अंदाज बांधून टोक 'ठेवत' होतो, आणि मग दोन्ही सारख्या आहेत असं लिहीत होतो! म्हणजे बेसलाइनमध्ये जी तुलना पुढे कामाला येणार तीच मी मनाने भरत होतो. त्या दिवसापासून माझा एक्स-रेवरचा विश्वास गेला तो गेलाच.

सोनोग्राफीवर निदान टोक दिसतं. कॅप्सूलची, म्हणजे किडनीच्या बाहेरच्या आवरणाची रेघ दोन्हीकडे स्पष्ट आली की कॅलिपर (स्क्रीनवरची मोजायची खूण) ठेवायचा, नाही आली तर ठेवायचाच नाही.

अर्थात तिथेही फसायला होतं. एकाच मांजराची डावी किडनी मी ३.२ मोजली आणि दोन दिवसांनी सहकाऱ्याने ३.७. किडनी तीच, माझा कट, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा किडनीचा छेद, तिरका गेला होता. तिरक्या कटात लांबी कमीच येते, जास्त येत नाही, म्हणून आता मी तीन वेळा प्रोब (पोटावर फिरवायचा सोनोग्राफीचा दांडा) उचलून नव्याने शोधतो आणि सरासरी न काढता सगळ्यात मोठा आकडा ठेवतो. मांजराची किडनी हाताखाली सरकते, प्रोब दाबला की पळते, तेव्हा दुसऱ्या हाताने पोटावरून हलकेच अडवून धरलेली बरी.

बाकी मांजराच्या बाजूने बघितलं तरी मला सोनोग्राफीच बरी वाटते. पाठीवर ताणून सरळ धरणं बहुतेक मांजरांना सहन होत नाही, वाकडं झालं की परत फिल्म, आणि निरोगी जनावराला दर वर्षी रेडिएशन द्यायचं म्हणजे मन तयार होत नाही. कुशीवर, डोक्यावर कुणाचा तरी हात असेल तर बरीच मांजरं सोनोग्राफी शांतपणे करून घेतात. केस कापायला मात्र मालकांना आधी विचारा, मी शक्यतो केस विंचरून भरपूर जेल लावून बघतो, फारच दाट असले तरच केस कापायचं मशीन फिरवतो.

साइज नॉर्मल आली म्हणून किडनी नीट चालतेय असं मात्र लिहू नका, त्यासाठी रक्त-लघवी वेगळी. आणि खड्याची शंका असेल तर मी अजूनही एक्स-रे काढतोच, युरेटरमधला (किडनीतून मूत्राशयात जाणाऱ्या नळीतला) बारीक खडा सोनोग्राफीत आतड्याच्या गॅसमागे सहज लपतो.